साडेसात टनांचा धाक, दीडशे किलोंचा तालांव: गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एका मोटरहोमचे प्रकरण

या प्रकरणातील कुटुंबाने सहा महिने एकाच प्रश्नावर घालवले: ही गाडी चालवायला कोणते लायसन्स लागते? उत्तर त्यांच्या बाजूचे होते. गाडी मात्र रस्त्यावर अडून तालांव (दंडाचे चलन) झाला तो लायसन्सामुळे नव्हे, तर वजनामुळे. वजनाचा प्रश्न सोडवल्यावर लक्षात आले की खरी अडचण आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) लिहिलेल्या तीन-चार शब्दांत होती. नावे आणि गाव दिलेले नाही. काट्यावरच्या वजनाचे आकडे दहा किलोंना पूर्ण केले आहेत.

पार्श्वभूमी

मालक निवृत्त तारवटी (जहाजावर नोकरी केलेले), वय एकसष्ट. घरात पत्नी, मुलगी, जावई आणि एक नात. दरवर्षी पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर अशी फेरी ठरलेली. लॉजच्या खोल्या आणि प्रवासातले खाणे यांना पत्नी कंटाळल्या होत्या, म्हणून स्वतःची झोपण्या-स्वयंपाकाची गाडी, म्हणजे मोटरहोम, करायचे ठरले. पर्यटन हंगामात ती भाड्याने देता आली तर खर्च निघेल, असा जावयाचा हिशेब.

२०२४ च्या सुरुवातीला त्यांनी चालक सोडून १७ आसनांची जुनी डिझेल व्हॅन घेतली. ती आधी एका कंपनीच्या कामगारांची ने-आण करत असे. पाटी पिवळी, म्हणजे व्यावसायिक वाहतुकीची ('ट्रान्सपोर्ट'). मूळ मालकाने परमिट सरेंडर केले होते. आरसीवरचे आकडे असे: रिकामे वजन २,८०० किलो, भारासहित कमाल वजन (जीव्हीडब्ल्यू) ४,२०० किलो, पुढच्या आसाची (ॲक्सलची) मर्यादा १,७०० आणि मागच्या आसाची २,७०० किलो. दोन आसांची बेरीज ४,४०० होते, जीव्हीडब्ल्यूपेक्षा जास्त. यात चूक काही नाही. आसांना थोडी मोकळीक ठेवलेली असते. पण ती बेरीज म्हणजे गाडीची मर्यादा, असे धरणारे बरेच जण भेटतात.

चालकाचे आसन सोडून चार आसने ठेवली, बाकी तेरा काढली. गावाजवळच्या एका गॅरेजने सुताराच्या मदतीने चतुर्थीपूर्वी आतले काम पूर्ण केले: चार बिछाने, ओटा, फ्रीज, संडास-न्हाणी, एसी, छतावर सोलार. खर्च साडेसहा लाखांच्या घरात.

लायसन्सचा घोळ

मालक आणि जावई दोघांकडेही एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचे) लायसन्स, खासगी वापराचे. ही गाडी त्यावर चालते का, यावर तीन माणसांनी तीन सल्ले दिले.

पहिला सल्ला इंग्लंडमधल्या स्विंडनहून आला. भाचा तिथे स्थायिक. फोनवर तो म्हणाला, "मामा, साडेतीन टनांच्या वर जाऊ नका, वेगळे लायसन्स लागते." त्याच्या देशात ते खरे आहे. ब्रिटनमध्ये साध्या 'बी' वर्गावर कमाल ३,५०० किलोंपर्यंतचीच डिझेल-पेट्रोलची गाडी चालवता येते. त्यावर ७,५०० पर्यंत 'सी-वन' लागते. १ जानेवारी १९९७ पूर्वी परीक्षा दिलेल्यांना ते आपोआप मिळालेले आहे. मोटरहोमविषयीचे परदेशी व्हिडिओ ३,५०० च्या रेषेवर एवढा भर देतात तो यासाठीच. भारतात ही रेषाच नाही.

दुसरा सल्ला विमा एजंटचा: "पिवळी पाटी आहे, म्हणजे ट्रान्सपोर्टचे लायसन्स हवेच." तिसरा गॅरेजवाल्याचा: "आत सीट नाहीत, म्हणजे ती कार झाली. काही लागत नाही." दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य होते, आणि तेवढ्यानेच घोळ वाढला.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२१) मधल्या 'हलक्या मोटार वाहना'च्या व्याख्येत ७,५०० किलोंची मर्यादा आहे, पण ती दोन वेगवेगळ्या वजनांना लावलेली आहे. वाहन 'ट्रान्सपोर्ट' किंवा 'ऑम्निबस' असेल तर जीव्हीडब्ल्यू ७,५०० च्या आत हवे. 'मोटार कार' असेल तर रिकामे वजन ७,५०० च्या आत हवे. चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसांसाठी बनवलेली किंवा तशी फिरवून घेतलेली गाडी म्हणजे ऑम्निबस. आणि जी ट्रान्सपोर्ट नाही, ऑम्निबस नाही, ट्रॅक्टर, रोड-रोलर किंवा दुचाकीही नाही, ती मोटार कार. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या यादीत 'कॅम्पर व्हॅन' दोन्हीकडे आहे: ट्रान्सपोर्टमध्ये नुसती, आणि बिगर-ट्रान्सपोर्टमध्ये 'खासगी वापरासाठी' या शब्दांसह.

म्हणजे एकच गाडी घ्या. जीव्हीडब्ल्यू ८,५०० किलो, रिकामे वजन ६,४०० किलो. खासगी नोंदणी आणि चालक सोडून सहा आसने असतील तर ती मोटार कार, एलएमव्हीवर चालते. सातवे आसन बसवले की ऑम्निबस, जीव्हीडब्ल्यू धरायचे, एलएमव्ही संपले. सहाच आसने ठेवून भाड्याला लावली तरी ट्रान्सपोर्ट, म्हणजे पुन्हा जीव्हीडब्ल्यू. गाडीचा एक स्क्रूही न हलवता लायसन्स बदलते. बाजारात ७,४९० किलो जीव्हीडब्ल्यूच्या चॅसी दिसतात त्या काही योगायोगाने तेवढ्या वजनाच्या नसतात. मोठी मोटरहोम घेणाऱ्याने 'रिकाम्या वजना'च्या तरतुदीवर फार विसंबू नये, असे आमचे मत. कायदा बाजूने असला तरी नाक्यावरचा माणूस आणि विम्याचा सर्व्हेअर आधी जीव्हीडब्ल्यूचाच रकाना वाचतात.

या कुटुंबाच्या गाडीचे जीव्हीडब्ल्यू ४,२००. कार म्हणा, ऑम्निबस म्हणा, ट्रान्सपोर्ट म्हणा, ती हलके वाहनच. उरला पिवळ्या पाटीचा मुद्दा. एलएमव्ही लायसन्सवर त्याच वजनगटातले ट्रान्सपोर्ट वाहन चालते, वेगळा शेरा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ मध्येच म्हटले होते. विमा कंपन्यांनी तो प्रश्न मोठ्या खंडपीठापुढे नेला होता, त्यामुळे एजंट बिचकत होता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी या प्रकरणात तोच निर्णय कायम केला. ट्रान्सपोर्ट चालकासाठीच्या जादा अटी ७,५०० किलोंवरच्या वाहनांना.

तोवर जावयाने सप्टेंबरमध्ये ट्रान्सपोर्टच्या शेऱ्यासाठी अर्ज करून टाकला होता. एलएमव्ही घेऊन एक वर्ष झालेले हवे, ते होते. डॉक्टरचा फॉर्म १-ए, ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र, शिकाऊ लायसन्स, चाचणी. कामाचे चार-पाच दिवस गेले. हा शेरा पाच वर्षांनी पुन्हा नवा करावा लागतो, हे त्यांना नंतर कळले.

या सगळ्या चर्चेत एक साधी गोष्ट कुणी पाहिली नाही. मालकाच्या लायसन्सची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. मुदतीनंतर वर्षभरात चाचणी न देता नूतनीकरण होते, पण मधल्या काळात गाडी चालवली तर ते विनालायसन्सच. कलम १८१ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्यावर कलम १८० वेगळे. मुलीने डिजीलॉकर उघडले तेव्हा, नोव्हेंबरच्या शेवटी, ते दिसले. वय पंचावन्नच्या पुढे असल्याने नूतनीकरण पाच वर्षांचेच झाले, आणि तेही १-ए जोडून.

वजनकाट्यावर

डिसेंबर २०२४. पाण्याची टाकी घरूनच भरली, गॅसचा घरचाच सिलिंडर, पाच माणसे, आठ दिवसांचे सामान. अनमोड घाटाकडे निघाले. मोलेच्या बाजूला तपासणी सुरू होती. पिवळी पाटी, काचांना पडदे, मागे झुकलेली गाडी. अधिकाऱ्याला वेगळे काही सांगावे लागले नाही.

वजनाचा संशय आल्याने अधिकाऱ्याने गाडी जवळच्या काट्यावर न्यायला सांगितली. खाणींच्या या पट्ट्यात काट्यांना तोटा नाही. पावतीवर आकडे आले: एकूण ४,३५०, पुढचा आस १,४८०, मागचा आस २,८७०. एकूण वजन १५० किलोंनी जास्त, मागचा आस १७० किलोंनी जास्त.

तालांव तीन गोष्टींवर झाला. जादा वजन: कलम १९४, किमान २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. परवानगीशिवाय फेरफार: कलम १८२-अ(४), प्रत्येक फेरफाराला ५,०००. पिवळ्या पाटीवर परमिट नाही: कलम १९२-अ, १०,०००. लायसन्स अधिकाऱ्याने पाहिले आणि परत दिले. त्यावर एक शब्द नाही.

जादा वजन उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. जावयाने टाकीचा नळ उघडला. दीडशे लिटर पाणी रस्त्याकडेच्या गटारात गेले, पुन्हा काटा केला: एकूण ४,२००, मागचा आस २,६८०. मर्यादेला अगदी टेकून. पत्नी म्हणाल्या, आता पुढे नको. घरी परतले.

दीडशे किलो आले कुठून

आसने काढल्यावर, डिझेलची टाकी भरून, गाडीचे वजन २,६१० किलो होते. हे एकच वजन गॅरेजने केले होते. पुढे जे भरत गेले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. नंतर बसून काढला तो असा:

१८ मिमी प्लायचे फर्निचर ३४० किलो. आतले पॅनेल, इन्सुलेशन, फ्लोअरिंग ९५. दीडशे एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या ११०. इन्व्हर्टर १८. एक टनाचा घरगुती स्प्लिट एसी ब्रॅकेटसह ४५. फ्रीज ३८. सोलारचे दोन पॅनेल आणि फ्रेम ६०. भरलेली पाण्याची टाकी स्टँडसह १६५. सांडपाण्याची टाकी रिकामी १२. संडास-न्हाणीची फायबर केबिन ६०. गाद्या ७०. सिलिंडर आणि शेगडी ३८. छतावरचा कॅरिअर आणि शिडी ६५. बाजूचा ताडपत्रीचा छज्जा ३०. बेरीज १,१४६. त्यावर पाच माणसे ३५०, आणि कपडे, भांडी, तांदूळ-डाळ, खुर्च्या, जॅक, अवजारे मिळून २४०. एकूण ४,३४६. काटा खोटे बोलत नव्हता.

सगळ्यात मोठा चोर प्लाय. आठ बाय चारच्या १८ मिमी प्लायची एक शीट साधारण ३४ किलोंची. घरातल्या स्वयंपाकघराचे कपाट आणि गाडीतले कपाट सुताराच्या लेखी सारखेच, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कुणी वजनाची मर्यादा सांगितलीच नव्हती.

मागच्या आसाची मर्यादा एकूण वजनाच्या मर्यादेपेक्षाही जास्त किलोंनी का ओलांडली गेली, हे मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. पाण्याची टाकी मागच्या दाराजवळ, मागच्या आसापासून ९० सेंटिमीटर मागे बसवली होती. दोन आसांमधले अंतर ३.३५ मीटर. आसाच्या मागे टांगलेले वजन तरफेसारखे काम करते: मागे पडते आणि पुढचे उचलते. १५० × ०.९ ÷ ३.३५ म्हणजे ४० किलो पुढच्या आसावरून कमी होतात आणि तेवढेच मागच्या आसावर चढतात. १५० लिटर पाण्याचे मागे १९० किलो होतात. काट्यावर पाणी सोडल्यावर मागचा आस १५० नव्हे, १९० किलोंनी हलका झाला, तो यामुळेच. हीच टाकी मागच्या आसाच्या पुढे १.४ मीटरवर, जमिनीलगत बसवली असती तर मागच्या आसावर ८७ आणि पुढच्या आसावर ६३ किलो पडले असते. एकाच वस्तूची जागा बदलून मागच्या आसावरचे शंभर किलो वाचतात.

पुढचा आस हलका होणे नुसते कागदावरचे नाही. पावसात घाटाच्या वळणावर स्टिअरिंग सैल वाटते, आणि उतारावर मागचे ब्रेक जास्त काम करून तापतात. चाचणीच्या एका फेरीत चोर्ला घाट उतरताना ब्रेकचा करपट वास आला होता. गॅरेजने 'लायनर नवे आहेत, बसतील' असे सांगून वेळ मारून नेली. त्याच दिवशी काट्यावर गेले असते तर पुढचे पुष्कळ टळले असते.

चुकीच्या प्रश्नावर चांगला उपाय

तालांवानंतर कुटुंबाने ठरवले, वजन उतरवू. जानेवारीभर काम चालले. फर्निचर ॲल्युमिनियमच्या चौकटीत ९ मिमी प्लायने पुन्हा केले, १३० किलो गेले. ट्यूब्युलर बॅटऱ्या काढून २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बसवली, ८४ किलो गेले. वापरता येणारी वीज उलट थोडी वाढली, कारण ट्यूब्युलर निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर तिचे आयुष्य घटते. शिवाय चार्ज होताना ट्यूब्युलरमधून हायड्रोजन सुटतो; ज्या खोलीत माणसे झोपतात तिथे, पलंगाखाली, ती ठेवायची वस्तूच नव्हे. टाकीत ७० लिटरच पाणी ठेवायचे ठरले, ८० गेले. कॅरिअर आणि शिडी काढली, ६५. घरच्या १४.२ किलोंच्या सिलिंडरऐवजी ५ किलोंचा, १७. त्यासाठी बाहेरून उघडणारा स्वतंत्र कप्पा केला, तळाशी भोके ठेवून. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वरची खिडकी उघडी असून उपयोग नसतो.

एकूण ३७६ किलो. काट्यावर गाडी ३,९७० भरली. मर्यादेच्या २३० किलो आत. काम उत्तम झाले, आणि बहुतेक वाया गेले.

कारण फेब्रुवारीत ते पाटी पांढरी करायला वाहतूक खात्याच्या कार्यालयात गेले तेव्हा मोटार वाहन निरीक्षकाने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, कलम ११३(३). त्यात नुसते जीव्हीडब्ल्यू नाही. गाडीचे रिकामे वजनही आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त असता कामा नये. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गाडीसोबत नेहमी वापरली जाणारी सामग्री रिकाम्या वजनात मोजली जाते. म्हणजे ओटा, केबिन, बॅटरी, एसी, सगळे. ती बेरीज २,८०० च्या कितीतरी वर होती. एकूण वजन मर्यादेत आणूनही गाडी नियमबाह्यच राहिली.

दुसरी, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारा फेरफार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. मोटर कॅरॅव्हानसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. आसने, टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय, सामानाची जागा, आणि हे सारे पक्के बसवलेले. त्याची मान्य चाचणी संस्थेकडून, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयकडून, मंजुरी लागते. निरीक्षकाने तेच प्रमाणपत्र मागितले. गॅरेजकडे ते असण्याचा प्रश्नच नव्हता.

कोणते पर्याय तपासले

आहे ती गाडी नियमित करून घेणे हा पहिला विचार. एका गाडीसाठी चाचणी संस्थेकडे जायचे तर रेखाचित्रे, वजनाचे वाटप, आसनांच्या आणि पट्ट्यांच्या अँकरची चाचणी, वायरिंगचा आराखडा. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाईल आणि शेवटी नकारही येऊ शकेल, असे दोन जाणकारांनी सांगितल्यावर हा विचार सोडला.

कारमागे ओढायचा कॅरॅव्हान ट्रेलर मालकाला आवडला होता. ७५० किलोंपर्यंतचा टी-वन गटातला ट्रेलर त्यांच्या गाडीला झेपलाही असता. पण ट्रेलरची नोंदणी वेगळी, आणि वाड्यावरच्या दोन कुंपणांमधल्या रस्त्यात ट्रेलरसह रिव्हर्स घेणे हे रोजचे काम. जावयाने एकदा करून पाहिले आणि विषय संपला.

तिसरा पर्याय, बदल न करता साध्या सात आसनी गाडीत काढता-घालता येणारी पेटी: बाहेर ओढायची शेगडी, घडीचा पलंग. सगळ्यात स्वस्त आणि कागदाची भानगड नाही. दोघांचाच प्रवास असता तर आम्ही हाच सुचवला असता. पाच जणांना तो अपुरा होता.

चौथा, एआयएस-१२४ ची मंजुरी असलेल्या बिल्डरकडून नवी गाडी, पहिल्या दिवसापासून खासगी मोटर कॅरॅव्हान म्हणून नोंदलेली. महाग, पण वादाला जागा नाही.

भाड्याने देण्याचा बेत इथेच सोडून दिला. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन देणे म्हणजे परमिटशिवाय धंदा. गोव्यात यावर बारीक नजर असते. चालकाशिवाय भाड्याने द्यायची गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची हवी, आणि ती योजना वेगळीच.

काय केले

जुन्या व्हॅनमधले फर्निचर काढून मूळ आसने पुन्हा बसवली. सुदैवाने ती गॅरेजच्या शेडमध्ये होती. भंगारात गेली असती तर तेही जमले नसते. पासिंग करून ती एका प्रवासी वाहतूकदाराला विकली. लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि सोलार एवढे वाचले. आतल्या कामाचा निम्म्याहून अधिक पैसा बुडाला.

नव्या गाडीची ऑर्डर देताना मात्र कुटुंब तयार होते. बिल्डरने प्रथम 'बाराशे किलो भार चालतो' असे सांगितले. जावयाने विचारले, हे एसी आणि छज्जा धरून की सोडून? सोडून होते. शेवटी करारात चार गोष्टी लिहून घेतल्या: पूर्ण सज्ज गाडीचे रिकामे वजन आरसीवर तेच येईल, दोन्ही आसांचे वजन वेगवेगळे दिले जाईल, पाण्याची टाकी दोन आसांच्या मध्ये, आणि शेवटचा हप्ता काट्याची पावती पाहून.

आसांचे वजन घेण्याची रीत सोपी आहे, पण घाईत चुकते. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. दरवेळी इंजिन बंद, ब्रेक सोडलेला, माणसे खाली. पुढचे आणि मागचे मिळून पूर्ण वजनाशी वीस-तीस किलोंच्या आत जुळले पाहिजे. नाही जुळले तर काट्याच्या तोंडाशी चढ आहे, दुसऱ्या काट्यावर जावे.

निकाल

नवी गाडी: जीव्हीडब्ल्यू ४,५००, आरसीवर रिकामे वजन ३,४८०, आसने चालकासह पाच. पाच माणसे ३५०, पाणी ७०, सामान २४० धरून भरलेले वजन ४,१४०. पुढे १,५८०, मागे २,५६०. मागच्या आसाची मर्यादा २,९००. ऑगस्ट २०२५ मध्ये पांढऱ्या पाटीवर नोंदणी झाली, विमा मोटर कॅरॅव्हान म्हणूनच उतरवला. जुन्या गाडीच्या विम्यात फेरफाराचा उल्लेखच नव्हता. अपघात झाला असता तर नुकसानभरपाईचा दावा नाकारायला कंपनीला तेवढे कारण पुरले असते.

घाटापर्यंत टाकी निम्मीच भरायची, हा आता मालकांचा नियम. पाणी वाटेत कुठेही मिळते.

काय वेगळे करता आले असते

जुनी व्हॅन घेण्यापूर्वी आरसीची प्रत घेऊन निरीक्षकाला एकदा भेटणे. एवढ्याने पहिले साडेसहा लाख वाचले असते. विक्रेत्याने 'परमिट सरेंडर आहे, आता खासगीच समजा' असे म्हटले होते. पाटीचा रंग आणि वाहनाचा वर्ग कार्यालयात बदलल्याशिवाय गाडी खासगी होत नाही.

दुसरी निर्णायक जागा चोर्ला घाटातल्या ब्रेकच्या वासाची. ती तक्रार लायनरची नव्हती, मागच्या आसाची होती, आणि काट्याची फी दोनशे रुपयांच्या आतली.

तिसरी, जानेवारीतले काम. तालांवावर तीन कलमे स्पष्ट लिहिलेली होती. कुटुंबाने सर्वांत मोठ्या रकमेचे निवडले आणि त्यावर महिना घातला. फेरफाराचे कलम रकमेने लहान, म्हणून ते किरकोळ वाटले. प्रत्यक्षात बाकी सगळे त्यावर अवलंबून होते.

जावयाचा ट्रान्सपोर्ट शेरा चुकीचा म्हणता येणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रश्न घटनापीठापुढे प्रलंबित होता, आणि पिवळ्या पाटीची गाडी चालवायची तर ती खबरदारी समजण्यासारखी होती. मालकाच्या लायसन्सची तारीख मात्र आधीच पाहता आली असती. ती कार्डावर छापलेली होती.

२०२५ च्या चतुर्थीला स्विंडनचा भाचा आला, आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट घेऊन. त्याला गाडी चालवून पाहायची होती. जावयाने त्याचे लायसन्स हातात घेतले, उलटून मागचे रकाने वाचले. बी वर्ग, १९९७ नंतरचा. त्या लायसन्सावर तो ३,५०० किलोंपर्यंतच, आणि परमिटाने ती मर्यादा वाढत नाही. घरात साडेतीन टनांची अट लागू होणारा माणूस तो एकटाच निघाला. तो मागे नातीच्या शेजारी बसला, आणि किल्ली मालकांकडे राहिली.